दोन हाकांचं तळं

॥ श्री ॥

मु. सांबरतळे, पो. निडी, ता. रोहा, जि. कुलाबा
२० ऑक्टोबर १९६४

चि. सुनीतीवन्संना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी आणि मैना खुशाल आहोत. भात पिवळं पडलं आहे, आठवडाभरात कापणी सुरू होईल. दसऱ्याला तुम्ही याल म्हणून केळफुलाची भाजी केली होती. ती शेवटी शेजारच्या बायजाने खाल्ली आणि वर म्हणाली की सुनीताय पेणच्या पापडांवरच जगते वाटतं. मला राग आला होता, पण तिच्या तोंडाकडे बघून हसू आलं.

आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. परवा गुणाजी पोस्टमन अंगणात आला आणि पाकीट धरून नुसता उभा राहिला. मी हात पुढे केला तरी देईना. म्हणाला, वयनी, पत्ता आपला हाय, नाव आपलं हाय, पण हे पत्र तुमचं नाय. मी पाहिलं तर मोठ्या भावोजींचं अक्षर. वर लिहिलं होतं, 'गं. भा. अनसूयाबाई'. बारा वर्षं ते 'सौ.' लिहीत आले. गुणाजीला वाटलं, वकिलांचा हात चुकला. मी म्हटलं, दे बाबा, चूक नाही. त्याने पाकीट पायरीवर ठेवलं, हातात दिलं नाही.

आत भावोजींनी सरळ लिहिलं आहे. तुमचे बाळदादा तळ्यावर गेले आणि परत आले नाहीत त्याला या भाद्रपदात बारा वर्षं झाली. देह सापडला नाही म्हणून आजवर काही केलं नाही, पण बारा वर्षांनंतर शास्त्र वाट पाहायला सांगत नाही. दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा आणि मोकळं व्हायचं. घाई मैनेसाठी आहे. माघात लग्न करायचं तर पत्रिका छापायला हवी आणि तुमच्या पेणच्या विमलबाईंनी विचारलं आहे की मुलीच्या वडिलांच्या नावाआधी 'श्री.' घालायचं की 'कै.'. एक काहीतरी ठरवा, म्हणाल्या, नाहीतर आम्हाला दुसरं स्थळ बघू द्या.

मी कपाळाला हात लावून पाहिला. कुंकू जागेवर होतं.

मैनेला पाकीट दाखवलेलं नाही. पण काल जेवताना तिने विचारलं की पत्रिकेवर माझ्या नावाआधी काय येईल. मी म्हटलं, चि. सौ. कां. ती म्हणाली, ते माझं झालं, आई. तुझं काय?

वन्सं, मला सुचत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा. आणि लोभ आहे तो दूर राहून पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी


पेण
२८ ऑक्टोबर १९६४

ती. सौ. वहिनीस सुनीतीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

'सौ.' सवयीने लिहून गेले आणि मग पेन थांबलं. खोडणार नाही. तुझ्या नावाआधी काय लिहावं याचा विचार करणारी मी कोण. पस्तिशी उलटली तरी माझ्या पाकिटांवर अजून 'कु.' येतं. आमच्या हेडबाई म्हणतात की शाळेत एवढ्या कुमारी आहेत, पण पांढऱ्या केसांची ही एकच.

दसऱ्याला आले नाही, रागावू नकोस. खरं सांगायचं तर भाद्रपद-आश्विनात मला तळं बघवत नाही. इथेही ते माझ्या मागे आहे. वर्गातल्या मुलींनी माझी खोड शोधून काढली आहे. एकीने 'बाई' म्हटलं तर मी वळत नाही, दुसऱ्यांदा म्हटलं तरी नाही. तिसऱ्यांदा म्हटलं की ओ देते. त्या पैजा लावून हसतात. एकदा रोह्याच्या बाजारात पालेभाजीवालीनेही मला असंच ओळखलं. म्हणाली, दोनदा हाक मारली, ढिम्म नाय, सांबरतळ्याची दिसतेस गो. अक्षरं गिरवायच्या आधी आपल्याला हेच शिकवतात ना, की पाण्यावरून आलेल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसरीलाही नाही. तळं दोनदा हाक मारतं. तिसरी हाक फक्त माणूस मारतो.

मी विमलबाईंकडे जाऊन आले. बाई तोंडाने फटकळ, पण आतून वाईट नाहीत. मुलगा ड्रॉइंग शिकवतो, मैनेला तिच्या हस्ताक्षरावरून पसंत केली म्हणतो, तेव्हा त्याचा प्रश्न नाही. विमलबाईंनी मला पोहे दिले आणि म्हणाल्या, मास्तरीणबाई, मला तुमच्या वहिनींना रडवायचं नाही. पण लग्नात त्यांना सौभाग्यवती म्हणून ओटी भरायला बोलवू, तर लोक विचारतील नवरा कुठे. कोपऱ्यात बसवू, तर विचारतील कुंकू का. मी बाईला बसवू कुठे, तेवढं सांगा.

वहिनी, मला वाटतं विधी होऊ दे. तुला आठवतं, गावातल्या सखाने धरमतरच्या धक्क्यावर बार्जवर दादाला पाहिल्याचं सांगितलं होतं? मी तुला न सांगता गेले होते. पाठमोरा माणूस अगदी दादासारखा दोर गुंडाळत होता. मी हाक मारली, एकदाच, आणि तो वळला. पहिल्याच हाकेला वळला म्हणजे तो आपल्यातला नव्हे, हे तोंड दिसण्याआधीच कळलं. धक्क्यावरच बसून रडले. त्या दिवशी दादा माझ्यापुरता गेला.

तुझ्यापुरता तो गेला आहे का, हे मी विचारत नाही. पण मैनेला जायचं आहे. बघ विचार करून. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाल.

तुझी,
सुनीती


सांबरतळे
९ नोव्हेंबर १९६४

चि. सुनीतीवन्संना अनेक आशीर्वाद.

धरमतरचं मला ठाऊक नव्हतं. तुम्ही एकट्या गेलात. मला न्यायला हवं होतं.

दिवाळी झाली. तळ्याची साफसफाई यंदा कापणीच्या आधीच केली, घरटी एक माणूस, आपल्या घरचा म्हणून मैना उतरली. गुडघाभर चिखलात उभी राहून महिपतीआजोबांशी वाद घालत होती की कमळं उपटायची नाहीत. महिपतीआजोबा म्हणाले, पोरी, तुझ्या बापाला त्याच कमळांनी धरलान, तू त्यांची वकिली करतेस. ती म्हणाली, धरलं असेल तर ती उपटून कसं चालेल. मला ते वाक्य अजून सोडत नाही.

विधीला मी हो म्हणते. मैनेसाठी. तसं भावोजींना कळवा. पण त्याआधी त्या संध्याकाळचं तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही तेव्हा पुण्याला शिकत होता आणि नंतर ज्याने त्याने आपल्या परीने सांगितलं.

गणपती नुकतेच बोळवले होते. पाऊस असा की पलीकडचा कातळ दिसेना. पलीकडच्या खाचराचा बांध फुटला म्हणून होडकं घेऊन हे गेले होते. मी आपल्या धुण्याच्या दगडावर पूजेची भांडी घासत होते, शेजारच्या दगडावर बायजा. हाक आली. मी उठले, तर बायजाने माझं मनगट धरलं. म्हणाली, थांब गो, तिसरी येऊ दे. दुसरी आली. तिने आणखी घट्ट धरलं. आम्ही दोघी पाण्याकडे बघत उभ्या राहिलो. तिसरी आली नाही. मग पुष्कळ वेळाने ओरडा झाला, माणसं धावली आणि उलटं झालेलं होडकं कमळांत सापडलं.

त्या दिवसापासून बायजा माझ्या घरची एक झाली. सगळ्यांना वाटतं, शेजारधर्म. आम्ही दोघी रोज एकाच वेळी दगडावर जातो. बारा वर्षं तळं गप्प आहे. हाक मारत असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. दिवेलागणीला पाणी इतकं स्थिर होतं की कुणीतरी श्वास धरून बसलं आहे असं वाटतं.

तेव्हा लोकांनी मला खूप विचारलं. आवाज त्यांचाच होता का, कुठल्या बाजूने आला, घाबरलेला होता का. काय हाक मारली, हे कुणी विचारलं नाही.

आता भीती एकच. पाण्यात गेलेल्या माणसाला अग्नी देण्याआधी आपल्याकडे घरचा पुरुष काठावर उभा राहून त्याला नावाने तीन हाका मारतो. ओ आली नाही की काडी लावायची. बायका त्या वेळी घरात दार लावून बसतात. मी तेव्हा दार लावून कशी बसू, ते तुम्हीच सांगा.

थंडी पडू लागली आहे, छातीला जपा. माया आहे तशी असू द्या.

तुमची,
वहिनी


अलिबाग
१८ नोव्हेंबर १९६४

चि. सुनीतीस माधवदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अनसूयेने होकार दिला, डोक्यावरचं ओझं उतरलं. रविवारी एकोणतीस तारखेला गुरुजींना घेऊन येतो. तू पेणहून एस. टी.ने नागोठण्याला ये, तिथून बरोबर जाऊ.

'गं. भा.' लिहिल्याबद्दल तू मला कठोर म्हटलंस. असेन. पण कुणीतरी पहिल्यांदा लिहायला हवं होतं आणि घरातला थोरला मी आहे. दोन पाकिटं फाडली आणि मग ते तिसरं टाकलं. पेटीत टाकल्यावर पोस्टमास्तरांकडे परत मागायलाही गेलो होतो, हे तुझ्यापाशीच ठेव.

तिला एक समजावून सांग. मी त्या तळ्याचा पुष्कळ विचार केला आहे. समोर कातळाची भिंत आहे, एक हाक मारली की दुसरी परत येते. म्हणजे बाळने हाक मारली ती एकच, दुसरी पडसादाची. एका हाकेत माणूस काय करणार? त्याला तिसरी मारायला वेळ होता आणि कुणी ओ दिली नाही, असं काही नाही. म्हाताऱ्यांनी पडसादाला घाबरून नियम केला आणि आपण तो पाळत आलो. दोष कुणाचा नाही.

हाका मला मारायच्या आहेत. काल न्हाणीघरात एक मारून पाहिली. इतक्या वर्षांत ते नाव मी मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं. शेजारचे हैबतराव दार वाजवून विचारून गेले की पडलात की काय.

तू जवळ उभी राहा. वडीलकीचा लोभ आहेच, तो जाणून असावं.

तुझा,
माधवदादा


पेण
८ डिसेंबर १९६४

ती. वहिनीस सुनीतीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

त्या दिवशी शेवटची गाडी गाठायची म्हणून माधवदादाने निघायची घाई केली. तू दार उघडलं नाहीस. मी उंबऱ्यावर थोडी थांबले आणि गेले. आठवडाभर लिहायला बसते आणि उठते.

तू धुण्याच्या दगडाकडे होतीस, म्हणून काठावरून काय दिसलं ते सांगते. गुरुजींनी दर्भाचा माणूस लाकडांवर ठेवला होता. गुरुजी कापूर घेऊन उभे. सगळं गाव आलं होतं, लहान मुलंसुद्धा. दादाने पहिली हाक मारली. 'बाळ.' कातळावरून ती परत आली. दुसरी मारली, तीही आली. मग त्याने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मान वर केलेली, ओठ उघडे आणि गालावर पाणी. गुरुजींनी खूण केली, पुन्हा केली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वारा नव्हता. कमळाची पानं मात्र एका बाजूने उलटी होत गेली, कुणी मधून चालत यावं तशी. हे मी मुलींना शिकवते त्या कुठल्याही पुस्तकात बसत नाही, म्हणून दादाजवळ बोलले नाही.

तेवढ्यात 'ओ' आली.

सगळे वळले. तू गुडघाभर पाण्यात उभी होतीस, पदर भिजलेला, बायजा शेजारी. तू आमच्याकडे बघत नव्हतीस. गुरुजींच्या हातातला कापूर विझला. महिपतीआजोबा म्हणाले, ओ आली, आता काडी लावता येत नाय. गुरुजींनी म्हटलं, पण ती तर त्याच्याच बायकोने दिली. आजोबा म्हणाले, कुणी दिली ते आम्ही बघत नाय भटजी, आली का नाय ते बघतो. असं गावात पूर्वी कधी घडलेलं नाही, म्हणून पुढे काय करायचं तेही कुणाला ठाऊक नव्हतं. माणसं हळूहळू घरी गेली. दर्भाचा माणूस तसाच लाकडांवर कोरडा राहिला.

वहिनी, दादाची तिसरी हाक निघालीच नव्हती. मी त्याच्या अगदी जवळ होते. मग तू ओ कशाला दिलीस? दादा म्हणतो, बिचारीला सहन झालं नाही. मला तसं वाटत नाही. तुझा आवाज रडका नव्हता. घरात काम करताना हाक यावी आणि हातातलं ठेवून द्यावी, तशी ओ होती ती.

आता मैनेचं. मी जीव मुठीत घेऊन विमलबाईंकडे गेले, कारण गोष्ट माझ्याआधी तिथे पोचली होती. त्यांनी एवढंच विचारलं की ओ तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलीत का. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, ओ आली, मग 'कै.' कसं छापू. माणूस आला नाही, मग 'श्री.' तरी कुठून आणू. नुसती नावं छापा, बाळ आणि अनसूया यांची कन्या. आणि माझ्याही नावाआधी काही नको, नाहीतर लोक म्हणतील, सौभाग्य काय ते मुलाकडच्यांनीच गाडीत भरून आणलं. कन्यादान माधवदादा आणि मोठ्या वहिनींनी करावं. तुला त्या स्वतःशेजारी बसवणार आहेत. कोण विचारतं ते बघते, म्हणाल्या. मुलगा आतून सगळं ऐकत होता, कागदावर पत्रिकेची वेलबुट्टी आधीच काढून तयार.

तेव्हा लग्न ठरल्याप्रमाणे माघात. पण माझा प्रश्न उरतोच. या पाकिटावर तुझ्या नावाआधी मी जागा कोरी सोडली आहे. काय लिहू ते तू कळव. चुकलंमाकलं मनात ठेवू नकोस.

तुझी,
सुनीती


सांबरतळे
१६ डिसेंबर १९६४

सुनीती,

आशीर्वाद लिहायला हात गेला आणि मागे घेतला. 'वन्सं'ही लिहिलं नाही, आणि आज 'तुम्ही'ही म्हणणार नाही. रागावणार नाहीस, माहीत आहे.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मैना वालाच्या शेंगा निवडत होती. तिला पत्रिकेचं सांगितलं. ती हसली आणि मग शेंगा टाकून माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, लहानपणी पडायची तशी. विमलबाईंना माझा नमस्कार सांग. पोहे तिखट करतात का ते विचार, मैनेला सोसत नाही.

तू विचारलंस, ओ कशाला दिली. बारा वर्षांत कुणी न विचारलेलं आधी सांगते.

माझं लग्नातलं नाव यांनी ताटातल्या तांदळात बोटाने लिहिलं. मोठ्याने म्हटलं नाही, आपल्यात म्हणत नाहीत. त्यानंतर आठ वर्षांच्या संसारात माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. 'अगं' म्हणायचे, 'ऐकलंस का' म्हणायचे, मुलगी झाल्यावर 'मैनेची आई'. आणि त्या संध्याकाळी पाण्यावरून हाक आली ती 'अनसूया' अशी. पुरुषाचा आवाज आणि माझं नाव. बायजाने मनगट धरलं ते त्यामुळेच. तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक, की नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. नावाने तळं हाक मारतं. हे असते तर 'अगं' म्हणाले असते, एवढाच विचार आमच्या मनात आला.

किती साधी गोष्ट, सुनीती, आणि ती मला कळायला किती वर्षं गेली. पाण्यावरून 'अगं' पोचत नाही.

भावोजी पडसाद म्हणतात ते तू सांगितलंस. त्यांना सांगू नकोस, पण पडसाद नव्हता तो. कातळ शेवटचं तेवढंच परत देतो. त्या दिवशी भावोजींनी 'बाळ' म्हटलं तर 'आळ' आलं, तूही ऐकलं असशील. माझ्या नावातलं 'सूया' तेवढं आलं असतं. दुसऱ्या हाकेतही माझं नाव अख्खं होतं.

त्या रविवारी मी दार लावून बसले होते. पहिली हाक ऐकली आणि उठले. बायजा दगडावर आधीच येऊन उभी होती. पूर्वीसारखंच तिने माझं मनगट धरलं. भावोजींची दुसरी झाली. मग तू म्हणतेस तसं सगळं थांबलं, आणि तिसरी आली. ती 'बाळ' नव्हती, माझ्यासाठी होती. अगदी जवळून आली, मोठी नव्हती. मी ओ दिली.

तुला ऐकू आली नाही, मला कळतं. बायजाला विचारलं, तर म्हणते, मला म्हातारीला काय ऐकू येतंय. पण मी ओ देण्याआधीच तिने माझं मनगट सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्भाचा माणूस आम्ही दोघींनी पाण्यात सोडला. गवतच ते, बुडालं नाही. हळूहळू कमळांपर्यंत गेलं आणि तिथे राहिलं. मग मी तळ्यात डोक्यावरून आंघोळ केली. कुंकू पुसलं नाही आणि नंतर लावलंही नाही. पाण्याने नेलं तेवढं नेलं. काल गुणाजी तुझं पत्र घेऊन आला, पाकिटावरची कोरी जागा बघून म्हणाला, वयनी, यात कायतरी लिहायचं राहिलंय. मी हात पुढे केला, त्याने या वेळी हातात दिलं.

ती जागा आता सोडू नकोस. 'सौ.' नको, 'गं. भा.' नको, आणि समासापासून नावच लिही. गुणाजी आणून देईल. जमलं तर एकदा मोठ्यानेही म्हण. मी पहिल्याच हाकेला ओ देईन. माया राहील याची मला काळजी नाही.

तुझी,
अनसूया